वाचकांचे प्रश्न : सर्च रिपोर्टमधलं ते ‘लिस पेंडन्स’

या वेळी एकाच शब्दाबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. जमीन किंवा फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला हा शब्द कधी ना कधी भेटतोच, आणि बहुतेकांना तो पैसे देऊन झाल्यावर भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न : बार्शीजवळ ११ गुंठे एनए (बिगरशेती) जागा बघितली. साठेखत (पुढे विकण्याचा करार) झालं, ५१ हजार बयाणा दिला. नंतर वकिलांच्या सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालात, शेवटी एक ओळ आली, ‘सदर मिळकतीबाबत लिस पेंडन्सची नोटीस नोंदलेली आढळते’. विकणारा म्हणतो भाऊबंदकीचा किरकोळ दावा आहे, कोर्टाचा स्टे नाही, बिनधास्त घ्या. घ्यावी का? – एक वाचक, बार्शी

आधी शब्द. लॅटिनमध्ये ‘लिस’ म्हणजे दावा, तंटा आणि ‘पेंडन्स’ म्हणजे लोंबकळत असलेला. आपण दिवसभर जे ‘काम पेंडिंग आहे’ म्हणतो तो पेंडिंग यातलाच. थोडक्यात, टांगणीला लागलेला दावा.

या शब्दामागचा नियम मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. स्थावर मिळकतीच्या हक्काबद्दल कोर्टात खराखुरा दावा चालू असेल तर त्यातल्या कुठल्याही पक्षकाराने ती मिळकत अशा रीतीने दुसऱ्याला देऊ नये की समोरच्याला निकालातून मिळणारा हक्क बुडेल, असं ते कलम सांगतं. ‘देऊ नये’ यात फक्त विक्री येत नाही, गहाण, बक्षीसपत्र, भाडेपट्टा सगळं येतं.

आता तुमचा विकणारा म्हणतो स्टे नाही. ते खरं असेलही, पण स्टे वेगळा आणि हे वेगळं. मनाई हुकूम असला तर विकायचंच नाही, विकलं तर कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल कारवाई होते. लिस पेंडन्समध्ये विक्री थांबत नाही, दुय्यम निबंधक दस्त नोंदवून देतो, स्टॅम्प ड्युटी घेतो, अंगठा घेतो, फोटो काढतो, सगळं रीतसर होतं, आणि खरेदी रद्दबातलही ठरत नाही. फक्त त्या दिवसापासून दाव्याच्या दृष्टीने तुम्ही विकणाऱ्याच्या जागी उभे राहता. तो जिंकला तर तुम्ही जिंकलात, तो हरला तर तुम्ही हरलात. आणि ‘मला माहीत नव्हतं, मी पूर्ण पैसे मोजले, माझी काय चूक’ हे म्हणणं तिथे चालत नाही. लोकांना हेच पचायला सगळ्यात जड जातं आणि मला ते समजतं, कारण आयुष्याची कमाई घातलेली असते.

इतकं कडक का, तर त्याचं कारण इंग्लंडमधल्या १८५७ च्या बेलामी विरुद्ध सबाइन या खटल्यात फार सरळ सांगितलंय, आणि आपल्याकडची कोर्टं अजूनही त्याचाच आधार घेतात. दावा चालू असताना विकायची मोकळीक दिली तर प्रतिवादी निकालाच्या आदल्या दिवशी जागा तिसऱ्याला देईल, वादी त्या तिसऱ्यावर नवा दावा लावेल, तोवर तिसरा चौथ्याला देईल आणि वादीला जन्मभर निकाल काही पदरात पडायचा नाही. म्हणून घेणाऱ्याला माहिती होती की नव्हती हा प्रश्नच मधे आणायचा नाही, असा तो विचार आहे.

तुमच्या बाबतीत दावा वाटपाचा दिसतोय. वाटपात निकाल ‘सगळं तुझं’ किंवा ‘काहीच नाही’ असा क्वचित येतो. समजा कोर्टाने विकणाऱ्याला तिसरा हिस्सा दिला आणि सरस-निरस, म्हणजे जमिनीचा चांगलेवाईटपणा बघून, वाटप होऊन हे ११ गुंठे नेमके त्याच्या वाट्याला आले तर तुमची खरेदी टिकते. त्यातला थोडाच भाग त्याच्या वाट्याला आला तर तेवढ्यापुरतीच टिकते. म्हणजे तुम्ही जागा विकत घेताय खरी, पण कुठली आणि किती ते अजून ठरायचंय.

माझं मत विचाराल तर आज पुढचा एक रुपयाही देऊ नका. आधी दाव्याची नक्कल काढा, नोटिशीत कोर्टाचं नाव आणि दाव्याचा तपशील असतोच. दावा मिळकतीच्या यादीत तुमचा गट नंबर खरंच आहे का बघा, कारण कधी कधी शेजारच्या गटाची नोटीस असते आणि उगाच घाबरायला होतं. असेल तर विकणाऱ्याला सांगा, दावा लावणाऱ्या भावाला खरेदीखतावर मान्यता देणार म्हणून सहीला आण, किंवा दोघांनी कोर्टात तडजोड करून तसा हुकूमनामा करून घ्या, नाहीतर विक्रीला कोर्टाची परवानगी माग, कलम ५२ मध्येच तशी सोय ठेवलेली आहे. यातलं काहीच करायला तो तयार नसेल तर बयाणा परत मागा. मालकीहक्कातला असा दोष, जो विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला सहज कळणारा नाही, तो सांगणं हे विकणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे, कलम ५५ तेच म्हणतं, आणि साठेखतात ‘मिळकत निर्वेध व बोजारहित आहे’ हे वाक्य त्याने लिहून दिलेलं असणारच, ते काढून बघा.

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता गेले. आई, दोन भाऊ आणि मी. प्रॉपर्टी कार्डावर भावांनी फक्त स्वतःची नावं लावून घेतली म्हणून मी दोन वर्षांपूर्वी वाटपाचा दावा टाकला. तेव्हा मला सांगितलं गेलं की दावा चालू असताना त्यांना विकताच येत नाही. मागच्या महिन्यात कळलं की एक प्लॉट विकून टाकलाय. आता कलम ५२ मुळे ती विक्री आपोआप रद्द होईल ना? – एक भगिनी, नाशिक

ताई, तुम्हाला अर्धंच सांगितलं गेलं आणि राहिलेलं अर्धं फार महत्त्वाचं होतं. वर बार्शीच्या वाचकांना सांगितलं तसं विक्री रद्द तर होतच नाही, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की महाराष्ट्रात कलम ५२ जसंच्या तसं लागू नाही. १९३९ साली तेव्हाच्या मुंबई प्रांताने त्यात दुरुस्ती केली, सुरुवातीला ती मुंबई शहरातल्या मिळकतींसाठी होती आणि पुढे ती इतर भागांना लागू झाली. त्या दुरुस्तीप्रमाणे दावा दाखल झाला एवढ्याने भागत नाही, दावा चालू असल्याची नोटीस नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंदवल्यानंतर जे व्यवहार होतील त्यांनाच कलम ५२ लागतं. नोंदवलीच नाही तर त्या कलमाचा आधार मिळत नाही.

दाव्याचं काम कोर्टात चालू, तारखा पडतायत, सगळे हजर, आणि ही एक नोटीस कुणी नोंदवलेलीच नाही, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नवीन वाटपाची फाइल हातात आली की पहिला प्रश्न मी तोच विचारतो. एका दिवसाचं काम असतं हो ते. त्या नोटिशीत मिळकत ज्याच्या नावावर आहे किंवा ज्याचा हक्क वादात आहे त्याचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, कोर्टाचं नाव, दावा कशाचा आणि कुणाविरुद्ध, आणि दाखल केल्याची तारीख, एवढंच लिहायचं असतं. कोर्टाची परवानगी लागत नाही. मिळकत ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत आहे तिथे जाऊन नोंदवायची.

आणि ही अट वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही, उलट ती फार शहाणपणाची आहे. जिथे अशी दुरुस्ती नाही तिथे दावा दाखल झाला की कलम लागलं, मग घेणाऱ्याने निबंधकाकडचे सगळे सर्च केले तरी त्याला कोर्टातला दावा कळायचा मार्ग नसतो. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये टी. जी. अशोक कुमार विरुद्ध गोविंदम्मल या निकालात यावर अगदी कळकळीने लिहिलंय, की प्रामाणिक खरेदीदारांचे हाल होतात, महाराष्ट्राने यावर उपाय शोधलाय आणि तसाच देशभर करता येईल का याचा विचार व्हावा. आपल्या राज्यातल्या जुन्या दुरुस्तीचं सुप्रीम कोर्ट कौतुक करतं आणि आपल्याच लोकांना ती माहीत नसते याचं वाईट वाटतं.

आता तुमचं काय. घाबरू नका, कारण तुमचा हक्क काही कलम ५२ वर उभा नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चौघे समान वारस, तुमचा चौथा हिस्सा. (मिळकत वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा होईल, तुमच्या वकिलांना विचारा.) जे भावांचं नव्हतंच ते भाऊ विकू शकत नाहीत. प्रॉपर्टी कार्डावर नाव लागलं म्हणजे मालकी आली असं नसतं, ती नोंद महसुली कामासाठी असते. घेणाऱ्याला भावांचा हिस्सा मिळाला, तुमचा नाही मिळाला. तो म्हणेल मी कार्डावरची नावं बघून चांगल्या मनाने घेतलं, आणि तो वाद आता तुम्हाला लढावा लागेल, नोटीस वेळेत नोंदवली असती तर तो वाद उभाच राहिला नसता, फरक इतकाच, पण कोर्टाच्या वर्षांमध्ये मोजलात तर मोठा.

म्हणून तीन कामं लगेच करा आणि आजच्या आज वकिलांशी बोला. घेणाऱ्याला दाव्यात प्रतिवादी म्हणून सामील करून घ्या म्हणजे निकाल त्याच्यावरही बांधील राहील. उरलेल्या सगळ्या मिळकतींची नोटीस नोंदवा, विकलेल्या प्लॉटचीही नोंदवा कारण घेणारा उद्या चौथ्याला विकू शकतो. आणि मनाईचा अर्ज द्या, तो आधीच दिलेला नसेल तर.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो, पुण्यात रिसेल फ्लॅट बघतोय. वकिलांकडे जायच्या आधी आपलं आपण लिस पेंडन्स शोधता येतं का? – एक वाचक, पिंपरी

येतं, आणि शोधावंच. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे गाव, वर्ष आणि मिळकत नंबर टाकून दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती उघडता येते.

माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याची गोष्ट सांगतो. त्यांनी तीस वर्षांचे इंडेक्स टू स्वतः काढले होते, छान फाइल केली होती, वर रंगीत चिकट पट्ट्या लावल्या होत्या. व्यवहार ठरला, मग माझ्याकडे फक्त ‘एकदा नजर टाका’ म्हणून आले. मी पानं उलटत गेलो आणि मधेच एक पान बिनपट्टीचं होतं. (१) विलेखाचा प्रकार – नोटीस ऑफ लिस पेंडन्स. (२) मोबदला – ०. (३) बाजारभाव – ०. मी विचारलं हे काय, तर त्या जोडप्यातल्या बाई म्हणाल्या, अहो रक्कम शून्य आहे ना, आम्हाला वाटलं काहीतरी किरकोळ कागद असेल, आम्ही फक्त विक्रीचे बघत होतो. त्या पानाच्या चौथ्या रकान्यात, जिथे भूमापन आणि घरक्रमांक येतो, तिथे त्यांच्याच फ्लॅटचा नंबर होता आणि खाली दाव्याचा नंबर. मूळ मालकाशी आधी करार केलेल्या एका खरेदीदाराने करारपूर्तीचा दावा लावलेला होता, म्हणजे ‘मला साठेखत करून दिलंय, आता खरेदीखत करून द्या’ असा. तो दावा डिक्री झाला, म्हणजे मंजूर झाला असता तर या दोघांना फ्लॅट सोडावा लागला असता आणि होम लोनचे हप्ते मात्र चालू राहिले असते. त्यामुळे शून्य मोबदल्याचं पान दिसलं की तिथेच थांबा, पूर्ण वाचा.

दुसरी अडचण नंबरांची. नोटीस जुन्या सर्व्हे नंबरावर, तुमचा शोध सिटी सर्व्हे नंबरावर, मग काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. जुना सर्व्हे नंबर, गट नंबर, हिस्सा नंबर, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, सगळ्यांनी शोधा. त्याच्या जोडीला ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर विकणाऱ्याच्या नावाने पुणे जिल्ह्यातली प्रकरणं बघा, मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी होतं म्हणून चारही तऱ्हा टाकून बघा. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) पानावर बिल्डरने कोर्टकचेरीची माहिती आणि वकिलाचा टायटल रिपोर्ट टाकलेला असतो, तो वाचा.

नोटीस नोंदलेली नाही पण ई-कोर्ट्सवर दावा दिसतोय, असं झालं तर ‘महाराष्ट्रात नोटिशीशिवाय काही होत नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका. करारपूर्तीच्या दाव्यात नंतर घेणाऱ्याला वाचवणारी जी तरतूद आहे ती आधीच्या कराराची माहिती नसताना, चांगल्या हेतूने, पैसे मोजून घेणाऱ्यासाठी आहे. तुम्हाला माहिती होती म्हटल्यावर तेही कवच गेलं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये एका सभासदाने दावा लावून संपूर्ण प्लॉटवर लिस पेंडन्स नोंदवली. दावा फेटाळला गेला, तरी नोंद तशीच दिसतेय आणि बिल्डर मागे सरतोय. – सोसायटीचे एक पदाधिकारी, ठाणे

रजिस्टरमधली नोंद आपोआप पुसली जात नाही, ते रजिस्टर म्हणजे काय काय नोंदवलं गेलं त्याचा इतिहास आहे. पाहायचं ते हे, की दावा अजून जिवंत आहे का. कायद्याच्या हिशेबाने दावा दाखल केल्यापासून ते शेवटच्या हुकूमनाम्याची पूर्ण अंमलबजावणी होईपर्यंत, किंवा अंमलबजावणीची मुदत संपेपर्यंत तो चालू समजतात, आणि अपील हा त्याच दाव्याचा पुढचा टप्पा धरला जातो. म्हणून फेटाळल्याच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, अपिलाची मुदत संपली का आणि अपील दाखल झालंय का हे वरच्या कोर्टात तपासा, अपील नसेल तर तसा वकिलाचा दाखला जोडा आणि हे सगळं बिल्डरच्या वकिलाकडे एकत्र द्या. बहुतेक वेळा समोरच्याला एवढ्याने समाधान होतं. अपील चालू असेल तर मात्र बिल्डरचं मागे सरणं बरोबर आहे, त्याला दोष देऊ नका.

एक बोलतो. एका सभासदाचा वाद त्याच्या एका फ्लॅटपुरता असताना पूर्ण प्लॉटवर नोटीस टाकून चाळीस कुटुंबांना भाड्याच्या घरात ताटकळत ठेवणं हा या तरतुदीचा गैरवापर आहे आणि वकिलांनी अशा नोटिशीवर सही करताना विचार करायला हवा. उलट बाजूही आहे, दोन्ही पक्षांनी संगनमत करून लावलेल्या लुटुपुटूच्या दाव्याला कलम ५२ लागतच नाही, कायद्याने तशा दाव्यांना आधीच बाहेर ठेवलंय.

प्रश्न : माझ्या घटस्फोटाच्या कागदात ‘मेंटेनन्स पेंडेंटे लिटे’ असं लिहिलंय. याचा माझ्या घराशी काही संबंध आहे का? – एक भगिनी, कोल्हापूर

नाही, घाबरू नका. शब्द त्याच घरातले आहेत, ‘पेंडेंटे लिटे’ म्हणजे ‘दावा चालू असताना’. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवरा किंवा बायको, ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही, त्याला केस चालू असेपर्यंत दरमहा खर्च आणि कोर्टाचा खर्च मागता येतो. तो अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कलमातच आहे. वकिलांना त्या ६० दिवसांची आठवण करून द्यायला संकोच करू नका. तुम्ही पोटगीसाठी नवऱ्याच्या ठराविक घरावर किंवा जमिनीवर बोजा ठेवायची मागणी वेगळी केली असेल तर मात्र त्या मिळकतीपुरती वरची नोटीस नोंदवायचा विचार करा, नुसत्या पैशाच्या मागणीला ती चालत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत घर बघतोय, काउंटीच्या रेकॉर्डमध्ये लिस पेंडन्स दिसतंय. तिकडेही हेच का? – एक वाचक, एडिसन

शब्द तोच, तत्त्वही तेच. तुमच्याकडे कर्ज थकलं की जप्तीसाठी बँकेला कोर्टात जावं लागतं आणि त्या दाव्याची नोटीस काउंटीत नोंदवली जाते, त्यामुळे तिथे हा शब्द दिसला तर बऱ्याचदा घरमालकाचे हप्ते थकलेत असा अर्थ निघतो. ऑफर देण्याआधी तिथल्या वकिलाला आणि टायटल कंपनीला तो कागद दाखवा, आणि बँकेचं देणं क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या वेळी तुमच्या पैशातून परस्पर फिटेल आणि दावा मागे घेतला जाईल हे लेखी घ्या.